विषाणूला तारीख नसते

चिखली,
१२ सप्टेंबर २०२५

ती. मंजुळामावशीस,
वर्षालीचा साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस. फोन केला तर तुझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतं, आणि व्हॉट्सअ‍ॅप केलं तर ते आधी तुझा दिग्विजय वाचतो, मग सूनबाई वाचते आणि शेवटी तुला मिळतं. हा विषय त्या वाटेनं यायचा नाही. आमच्या कंपनीची बस चालवणारे सोपानराव तुझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात, त्यांच्या हाती चिठ्ठी देतेय. उत्तरही त्यांच्याचकडे दे. गुरुवार सोडून, कारण गुरुवारी कंपनीला सुट्टी.

आता मुद्दा. ऑगस्टमध्ये आमच्या चाकणच्या कंपनीत तिशीपुढच्या बायकांसाठी तपासणी शिबिर झालं. पडद्यामागे जायचं, कापसाची काडी घेऊन आपला नमुना आपणच घ्यायचा आणि नळीत टाकून द्यायचा. परवा रिपोर्ट आला. वर माझं नाव, माझा कार्ड नंबर, वय छत्तीस. खाली लिहिलंय एचपीव्ही पॉझिटिव्ह, टाइप सोळा.

जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचलं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणे जवळजवळ सगळा याच विषाणूमुळे होतो. मला कळेना. विषाणूनं सर्दी होते, ताप येतो, चार दिवसांनी जातो. त्यानं कॅन्सर कसा होईल? आणि सोळा म्हणजे सोळावा का? मग आधीचे पंधरा कुठे गेले?

तुला माहीत आहे, मी क्वालिटीत आहे. कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, चीर निघाली की आम्ही कागदावर पाच वेळा 'का' लिहितो आणि मुळाशी जातो. सवयीनं इथेही लिहायला बसले. रिपोर्ट असा का? विषाणू आहे म्हणून. विषाणू का? बाहेरून आत शिरला म्हणून. शिरला का? नवऱ्याकडून आला म्हणून. नवऱ्याकडे का होता? चौथा 'का' लिहिला आणि पेन खाली ठेवलं.

तू एकतीस वर्षं नर्सबाई होतीस. मला नीट समजावून सांग. घाईचं काही नाही, पण लवकर सांग.

तुझी,
वर्षाली

⁂

राजगुरुनगर,
१५ सप्टेंबर २०२५

चि. वर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

घाईचं नाही पण लवकर सांग! अगदी आईवर, आमच्या आक्कावर गेली आहेस. तिचंही असंच असायचं, भूक नाही पण भाकरी टाक.

सोपानरावानं चिठ्ठी दिली तेव्हा मी गवार मोडत होते. वाचली आणि गवार तशीच ठेवून देवापुढे जाऊन बसले. रिपोर्टवर तुझं नाव, आणि मला आक्काची आठवण. असो. ते पुढे कधीतरी. आधी तुझी उत्तरं.

हा एक विषाणू नव्हे, त्यांची मोठी भावकी आहे. शंभराच्या वर आहेत आणि त्यांना नुसते नंबर दिलेत. काहींनी हातापायाला चामखीळ येते, बरेचसे काहीच करत नाहीत. दहा-बारा मात्र वाईट, त्यांत सोळा आणि अठरा सगळ्यांत वाईट. सर्दीचा विषाणू येतो, दंगा करतो, जातो. हा दंगा करत नाही. पिशवीच्या तोंडाशी नाजूक कातडी असते, तिच्या पेशींत शिरून गप्प बसतो. पेशीनं किती वाढायचं याला शरीरानं लगाम घातलेला असतो. हा तो लगाम हळूहळू सैल करतो. सगळ्यांच्यात नाही. बहुतेक बायकांचं शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हाकलून देतं आणि त्यांना पत्ताही लागत नाही. ज्यांच्यात तो ठाण मांडतो त्यांच्यात दहा-पंधरा वर्षांनी रोग उभा राहतो. म्हणजे पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. पॉझिटिव्ह म्हणजे आत जाऊन बघा.

आणि तुझा तो चौथा 'का'. कास्टिंग कोणत्या दिवशी ओतलं ते तुमच्या वहीत सापडतं, या विषाणूला तारीख नसते. तो गेल्या वर्षी आला असेल, नाहीतर लग्नाच्या पहिल्या महिन्यात येऊन इतकी वर्षं झोपला असेल. कुणाकडून आला हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. संबंध आलेल्या बहुतेक सगळ्या बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. तेव्हा नवनाथला काही विचारायला जाऊ नकोस. विचारशील आणि घरात नसलेला रोग आणशील.

अंगावरून पांढरं जातं का? मध्येच रक्त दिसतं का? खरं खरं कळव, आणि डॉक्टरकडे कधी जातेस ती तारीख कळव.

तुझी मावशी,
मंजुळा

⁂

चिखली,
१९ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस नमस्कार.

किती छान समजावलंस. लगामाचं वाचून मला एकदम उजेड पडला. मग आणखी विचारते.

सतराव्या वर्षी पहिलं बाळंतपण झालं, पुढे लागोपाठ आणखी दोन, तर धोका वाढतो का? आणि संबंधानंतर रक्त दिसत असेल, आठ महिने, पण दुखत अजिबात नसेल, तर ते उष्णतेनं असू शकतं का? तारखेचं तू म्हणालीस ते पटलं, पण समज नवरा ट्रेलरवर आहे, पंधरा-पंधरा दिवस बाहेर, ढाब्यावर मुक्काम. अशा वेळी चौथ्या 'का'चं उत्तर मिळालं असं म्हणायला हरकत नाही ना? शहाण्या माणसाला दिसतंच की.

आणि शेवटचं. गावाकडे एका दवाखान्यात दोन दिवसांत पिशवी काढून देतात. पिशवीच नाही म्हटल्यावर तोंड कुठलं आणि कॅन्सर कुठला? हा सोपा मार्ग का सांगत नाहीत लोक?

हे सगळं आपलं सहज विचारतेय. तारीख अजून घेतली नाही, कंपनीत ऑडिट चालू आहे.

तुझी,
वर्षाली

⁂

राजगुरुनगर,
२२ सप्टेंबर २०२५

वर्षाली,

मी बहिरी झालेय, खुळी झाले नाही.

सायली झाली तेव्हा तू पंचवीस वर्षांची होतीस आणि तिची नाळ या हातांनी कापली आहे. ती तुझी एकुलती एक. मग सतराव्या वर्षीचं बाळंतपण कुणाचं? नवनाथ भोसरीत मशीनवर उभा असतो, तो ट्रेलरवर कधी चढला?

रिपोर्ट तुझा नाही. कुणाचा आहे?

हे कळल्यावर मला आधी हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज वाटली. जिचं आठ महिने रक्त जातंय तीही कुणाची तरी भाची असेल.

बाकी प्रश्नांची उत्तरं मी आता देत नाही. एकच देते. संबंधानंतर रक्त येणं हे उष्णतेचं नसतं. दुखत नाही म्हणून तर बायका फसतात. ती कोण आहे, तिला तपासायला कधी नेतेस, आणि तुझ्या नावाच्या नळीत तिचा नमुना कसा गेला, एवढं लिही. आडवळणं नकोत.

मावशी

⁂

चिखली,
२६ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस,

सांगते. पण दिग्विजयला कळता कामा नये, त्याचे मित्र आमच्याच कंपनीत आहेत.

तिचं नाव दीपमाला. पॅकिंगला आहे, ठेकेदाराकडून. वय चौतीस, गाव बीडकडचं. शिबिर फक्त कायम कामगारांसाठी होतं, कार्ड दाखवल्याशिवाय आत सोडत नव्हते. आमच्याकडे बायका एकमेकींची कार्डं सर्रास वापरतात. कुणाला मूल शाळेत सोडायचंय, कुणाची बस चुकली, की दुसरी तिचं कार्ड मशीनला लावते. कुणाला त्यात गैर वाटत नाही. आपलेच लोक, आपणच सांभाळायचं. तसंच मी माझं कार्ड दीपमालाच्या गळ्यात घातलं आणि म्हटलं, तुला त्रास आहे ना, माझ्या नावानं जाऊन ये. फोटो कोण बघतंय, तोंडाला स्कार्फ असतोच.

रिपोर्ट आल्यावर तिला सांगितलं. आणि मावशी, मी एक वाईट बोलले. तुझं पहिलं पत्र आलं नव्हतं तेव्हा. तिनं विचारलं, "ताई, हे कुठून आलं?" मी म्हटलं, "तुझ्या मालकाला विचार, कुठे कुठे गाडी थांबवतो ते." त्या दिवसापासून तिचा नवरा गणराज घरी झोपत नाही. गाड्यांच्या तळावर ट्रेलरच्या केबिनमध्ये झोपतो. तिनं मुलांदेखत त्याला नको ते विचारलं.

आता ती दसऱ्याला गावाकडे जाऊन पिशवी काढणार आहे. ३० तारखेच्या बसचं तिकीट काढलंय. तिला थांबवायला मी एक मार्ग काढला आहे. रिपोर्ट माझ्या नावावर आहेच, कंपनीचा विमाही माझ्या नावावर आहे. तिला 'वर्षाली' म्हणून मोठ्या दवाखान्यात नेते आणि सगळे उपचार करून घेते. कार्डाची भानगडही उघडी पडणार नाही. नाहीतर माझी नोकरी जाईल आणि तिला तर गेटवरूनच परत पाठवतील.

तुझा आशीर्वाद असेल तर सोमवारी नंबर लावते.

वर्षाली

⁂

राजगुरुनगर,
२७ सप्टेंबर २०२५

वर्षाली,

आशीर्वाद नाही. खबरदार!

हजेरी एकीची दुसरीनं लावली तर कंपनीचं आठ तासांचं नुकसान. आजार एकीचा दुसरीच्या नावावर लावला तर काय होतं, जरा डोकं चालव. उपचार झाल्यावर तिला वर्षा-सहा महिन्यांनी परत तपासायचं असतं, पुढे कित्येक वर्षं. बोलावणं कुणाला येणार? तुला. उद्या तिला पुन्हा रक्त गेलं तर डॉक्टर कागद मागतील, तिच्या नावावर कोरा. आणि तुला काही झालं तर तुझ्या नावावर तिचा रोग. दोघींची शरीरं एका कागदात गुंडाळायला निघालीस.

आता तुला ते सांगते जे सतरा वर्षं सांगितलं नाही.

तुझी आई पिशवीच्या आजारानं गेली असं आपण सगळ्यांना सांगितलं. ती याच कॅन्सरनं गेली. आणि तिला अकरा महिने पांढरं जाण्यावरच्या गोळ्या कुणी दिल्या? मी दिल्या. सरकारी पिशवीतल्या. दर महिन्याला यायची, मी पुडी बांधून द्यायची. शेकडो बायकांना मी टेबलावर झोपवून तपासलं, किंवा तालुक्याला पाठवलं. सख्ख्या बहिणीला म्हणू शकले नाही की आक्का, झोप, बघू दे. तिला लाज, मला लाज. बघितलं तेव्हा रोग पुढे गेला होता. मी तिला मारलं असं म्हणत नाही, पण मी बघितलं नाही हे खरं आहे. रोज खरं आहे.

म्हणून नीट ऐक. दीपमालाला महापालिकेच्या रुग्णालयात ने. तिच्या नावाचा केसपेपर काढ. तिथं कंपनीचं कार्ड कुणी मागत नाही. सांगा की बाहेर तपासणीत पॉझिटिव्ह आलंय आणि आठ महिने रक्त जातंय. एवढं पुरे आहे, ते पुढचं बघतील. न तपासता पिशवी काढू देऊ नकोस. आत नुसता विषाणू असेल तर चौतिसाव्या वर्षी फुकट पिशवी जाईल, आणि कॅन्सर असेल तर अर्धवट ऑपरेशननं तो बिथरेल. बघितल्याशिवाय कापायचं नाही.

गणराजबद्दल बोललीस ते माझं पत्र यायच्या आधी बोललीस, ठीक. पण पत्र आल्यावरही 'शहाण्या माणसाला दिसतंच' असं मलाच लिहिलंस. जिभेनं केलेलं जिभेनंच निस्तरायचं असतं.

आणि एक विचारते. तुझा नंबर होता, तुझं कार्ड होतं. तू स्वतः का नाही गेलीस?

मावशी

⁂

चिखली,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

दोन आठवडे लिहिलं नाही. तुझं पत्र वाचून आधी तुझा राग आला. मग कंपनीच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. मग राग गेला. आईचं मला माहीत होतं, मावशी. नाव कुणी घेतलं नव्हतं, पण दवाखान्यातल्या बायकांचं बोलणं मी एकोणीस वर्षांची असताना ऐकलं होतं. तू लपवलंस आणि मी लपवू दिलं. सोळा नंबर वाचून तुला जे आठवलं तेच मलाही आठवत होतं.

आता घडलेलं सांगते. ३० तारखेला दीपमाला कामावर आलीच नाही. तीनला शिफ्ट सुटल्यावर तिच्या खोलीवर गेले तर शेजारीण म्हणाली, नाशिक फाट्याला गेली, साडेचारची गाडी आहे. रिक्षानं कासारवाडीचा तो फाटा गाठला. ती पुलाखाली ट्रॅव्हल्समध्ये खिडकीजवळ बसली होती, मांडीवर पिशवी.

मी वर चढले. म्हटलं, "उतर."

"मला न्हाई तपासायचं, ताई. काढून टाकली की कटकट मिटती. माझ्या जावंनं काढली, नणंदनं काढली."

"त्यांच्या आत काय होतं ते कुणी बघितलं?"

"बघायचं कशाला? काढायचीच तर हाय."

तुझं सगळं शास्त्र सांगितलं. लगाम, भावकी, दहा-पंधरा वर्षं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. क्लीनर ओरडायला लागला, "बाई, बसा नाहीतर उतरा." तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "दीपमाला, माझी आई यानंच गेली. शिबिरात माझा नंबर होता. मी घाबरले, म्हणून तुझ्या गळ्यात कार्ड घातलं. तुझ्यावर उपकार नव्हते केले."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "म्हंजे तू बी भितीस?"

"लय."

"मग आधी सांगायचं की गं," म्हणाली आणि पिशवी उचलली. तिकीट वाया गेलं म्हणून क्लीनरशी भांडून मगच उतरली.

हे तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर.

३ तारखेला रुग्णालयात गेलो. केसपेपरवर दीपमाला गणराज असं तिनं स्वतः सांगितलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, मी सोबत राहू का विचारल्यावर दीपमालाच म्हणाली, राहू द्या, तिला बघायची लय हौस हाय. आणि मावशी, मी बघितलं! कॅमेऱ्यासारखं दुर्बिणीचं यंत्र होतं आणि बाजूला स्क्रीन. पिशवीचं तोंड असं असतं हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं. गुलाबी, गोल, मध्ये बारीक टिंब. बाईंनी बोळ्यानं काहीतरी लावलं. वासावरून ओळखलं, व्हिनेगर. पातळ केलेलं. मग म्हणाल्या, आता एक मिनिट थांबायचं.

आमच्याकडे कास्टिंगची चीर डोळ्यांना दिसत नाही तेव्हा लाल रंग लावून पुसतात, वर पांढरी पावडर मारतात आणि थांबतात. चीर असली तर रेघ आपोआप उठून दिसते. हे तसंच होतं. मिनिटभरात वरच्या बाजूला तुरीच्या डाळीएवढा पांढरा डाग उमटला. मी दिवसाला तीनशे नग बघते, पण माणसाच्या अंगातली खूण अशी कधी उमटताना बघितली नव्हती. बाईंनी तिथला कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला.

१० तारखेला निकाल आला. कॅन्सर नाही. त्याच्या अगदी अलीकडची पायरी. काल त्यांनी तारेच्या कडीनं तेवढाच भाग काढला. जागा बधिर करून, वीस मिनिटांत. पिशवी जागच्या जागी आहे. संध्याकाळी दीपमाला घरी जाऊन म्हणे पिठलं करत होती. मी रागावले तर म्हणाली, "पिठल्याला काय पिशवी लागती व्हय?"

कंपनीच्या दवाखान्यातही जाऊन सांगितलं की माझ्या नावाचा नमुना माझा नव्हता. कुणाचा ते सांगितलं नाही. लेखी ताकीद मिळाली. साहेब खूप बोलले. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी फक्त विचारलं, जिचा आहे तिचे उपचार झाले का? मी हो म्हटलं.

माझाही नमुना रुग्णालयात दिला आहे. माझ्या नावानं, माझाच.

गणराजशी अजून बोलले नाही. ट्रेलर घेऊन बाहेर आहे.

तुझी,
वर्षाली

⁂

राजगुरुनगर,
१८ ऑक्टोबर २०२५

चि. वर्षालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा दिग्विजयला मोठ्यानं वाचायला लावलं. रागावू नकोस. पुरुषांनीही हे ऐकायला हवं असं मला वाटलं. तो कान लाल करून बसला होता, पण शेवटपर्यंत वाचलं. मग विचारतो कसा, "आई, लस मुलांनाही देतात का?" म्हटलं, देतात. तू मात्र आता म्हातारा झालास.

सायलीला अकरावं चालू आहे. नऊ ते चौदा हेच लशीचं वय. विषाणूची गाठ पडायच्या आधी द्यायची असते, नंतर दिली तर तेवढं बळ राहत नाही. तिला काय सांगायचं म्हणून टाळू नकोस. जे असेल ते सांग. आपण दोघींनी न सांगून काय मिळवलं ते बघितलंच आहे.

तू माहीत असूनही गप्प राहिलीस हे वाचून माझ्या छातीवरचं ओझं हललं. उतरलं नाही, पण हललं.

गणराजचं राहिलं आहे. फराळ पाठवतेय सोपानरावाबरोबर, त्यातला अर्धा दीपमालाचा. चकल्या मोजून ठेवल्या आहेत.

तुझी मावशी,
मंजुळा

⁂

चिखली,
२ नोव्हेंबर २०२५

ती. मावशीस,

आधी साधं सांगते. सायलीला लशीचा पहिला डोस दिला, दुसरा सहा महिन्यांनी. तिला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "म्हणजे आजीला ही लस मिळाली असती तर?" मी म्हटलं, तेव्हा ती नव्हती. मग सायली इंजेक्शनला रडली नाही.

भाऊबीजेला सुट्टी होती. चाकणला तळेगाव चौकाच्या पुढच्या तळावर जाऊन गणराजला भेटले. तो टायरला पाना लावून बसला होता. मी तुझं सगळं पाठ म्हणून दाखवलं. विषाणूला तारीख नसते, बहुतेकांना होऊन जातो, कुणाकडून ते कळत नाही, दीपमालाला मी चुकीचं सांगितलं, माफ करा. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, शास्त्र समजलं. पर तुमाला मनातून काय वाटतंय? ट्रेलरवाला म्हंजे असलाच, आसंच ना?" मी नाही म्हटलं. पण त्याआधी क्षणभर थांबले, आणि त्याला ते दिसलं. तो पुन्हा पान्याकडे वळला.

२९ तारखेला माझा निकाल आला. पॉझिटिव्ह. सोळा नाही, दुसरा कुठला तरी, पण वाईट यादीतलाच. परवा डॉक्टर बाईंनी तपासलं. तेच व्हिनेगर, तोच एक मिनिट. मी मान वळवून स्क्रीनकडे बघत राहिले. काही उमटलं नाही. स्वच्छ आहे, शरीर बहुतेक हाकलून देईल, वर्षानं परत या म्हणाल्या. तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही, हे आधीच लिहायला हवं होतं.

पण निकाल आला ते दोन दिवस मी काय केलं ते तुला सांगायलाच हवं. तुझी ओळ मला पाठ होती. चार लोकांना सांगून झाली होती. तरीही मी स्वयंपाक करता करता नवनाथचे महिने मोजत होते. सहा वर्षांपूर्वी कंपनीनं त्याला होसूरला पाठवलं होतं. गेल्या वर्षीचे ओव्हरटाइम. कुणाचे फोन यायचे. पाचही 'का' लिहून झाले माझे, मनातल्या मनात. आणि मग लक्षात आलं की त्यानंही माझी वर्षं मोजली तर? लग्नाआधी एका मुलाशी माझं काय होतं ते तुलाही माहीत नाही. मग त्याला जेवताना सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "माझ्याकडून आला असंल?" मी म्हटलं, "माझ्याकडूनही असेल." त्यानं ताटातला भात कालवला. मग म्हणाला, "डॉक्टरकडं परत जाशील तेव्हा मी बी येतो." बस, एवढंच.

पण दीपमालाला सांगायचं मला जमेना. तिच्या तोंडावर मी तिच्या नवऱ्याची झडती घेतली होती. माझ्या त्या एका वाक्यानं तिचा संसार दीड महिना तळावर झोपला. आता माझीच पाळी. ती म्हणू शकत होती, ताई, आता तुझ्या मालकाला विचार. म्हणाली असती तर मी तोंड वर केलं नसतं.

काल सकाळची शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर, बसला वेळ होता तेव्हा, तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं. सगळ्या बायका आजूबाजूला उभ्या होत्या. तिनं ऐकलं. मी वाट बघत होते.

ती म्हणाली, "ताई, जेवलीस का?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं डब्याचं झाकण उघडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि मी खाईपर्यंत तिथंच उभी राहिली.

तुझी,
वर्षाली